खिडकी उघडण्याआधी

ती. आईंना नमस्कार,

तुमच्या मुलाशी काडीमोड होऊन अकरा वर्षं झाली, तरी तुम्हाला हाक मारायला दुसरा शब्द सापडत नाही.

पाळी जाताना बायकांच्या अंगाची एकाएकी आग होते, त्यावर मी संशोधन करते. छातीवर घाम मोजणारी पट्टी लावायची आणि झटका आला की बाईंनी वेळ लिहायची. गंमत अशी, की बऱ्याच जणी पट्टीने नोंदवलेल्या वेळेच्या आधीची वेळ लिहितात. सहकारी म्हणाले, त्यांची घड्याळं मागे असतील. मला पटेना. आज एका शिंपीणबाईंना विचारलं, "तुम्हाला आधीच कसं कळतं हो?"

"उगाचच जीव घाबरा होतो," त्या म्हणाल्या. "मी सुई खाली ठेवते. घाम मागाहून येतो."

आणि मला तुम्ही आठवलात. वाढता वाढता पळी ठेवून, भर थंडीत खिडकी उघडायला जाणाऱ्या. माझा खोकला वाढावा म्हणूनच त्या हे करतात, असं मी तुमच्या मुलाला सांगत असे. एकदा तुम्ही म्हणालात, "अगं, आधी मला कसंसंच होतं..." मी पान उलटलं. माझी परीक्षा होती, आणि पुस्तक याच विषयाचं होतं.

पुढे काय सांगणार होतात? विचारायला तोंड नाही, म्हणून हे पत्र मी टाकणार नाही. पण उद्यापासून आमच्या प्रश्नावलीत एक नवा प्रश्न असेल, "त्याआधी काय होतं?" उत्तराला अर्धं पान मोकळं ठेवलंय.

तुमची एके काळची सून