भाड्याचं गाव, फुकटचा समुद्र

५ जून

भाविका चार दिवस राहून आज खारघरला परतली. जाताना स्वतःचा जुना लॅपटॉप माझ्या जेवणाच्या टेबलावर ठेवून गेली. ऑगस्टमध्ये ती शिकायला डब्लिनला चालली आहे. नातीचं म्हणणं असं, की फोनवर मी तिला दोनच प्रश्न विचारते: जेवलीस का, आणि केस का कापलेस. त्यापेक्षा दर रविवारी संध्याकाळी आपण एका ऑनलाइन खेळात भेटू. तिथे जगभरची माणसं एकाच वेळी फिरत असतात, आपणही एकेक सोंग घ्यायचं आणि फिरायचं. "आजी, तिथे तुझ्याबरोबर चालता तरी येईल."

खेळाचं नाव विंटरवेल. दर महिन्याला सबस्क्रिप्शन.

दर महिन्याला! मी म्हटलं, असलेच खेळ फुकटही मिळतात, पेपरात वाचलंय. ती म्हणाली, फुकटवाले आत गेल्यावर दुकान मांडतात. मी सांगितलं, दुकानावरून काहीही न घेता पुढे जाण्याची मला जन्मभराची सवय आहे.

दोन्ही खेळ तटस्थपणे तपासून पंधरा जूनला निकाल देणार. शाळेत आयुष्यभर पेपर तपासले, दोन खेळ काय.

खेळांची मला आवड नाही, हे आधीच लिहून ठेवते.

निघताना सुके बोंबील बांधून दिले. पिशवी हुंगून म्हणाली, डब्लिनलाही हेच नेणार, विमानतळावर पकडलं तरी चालेल.

८ जून, संध्याकाळ

विंटरवेल. काही दिवस चकटफू चाखायला देतात. बर्फातलं गाव. भाविका कोपऱ्यावर एका दिव्याखाली माझी वाट बघत उभी होती, हिरव्या झग्यात. आम्ही नदीपर्यंत चाललो. जाहिरात नाही, दुकान नाही, कोणी ढकलत नाही. सगळं शिस्तीत. तिने लांडगा कसा मारायचा ते दाखवलं. मी दहा मारले.

उणीव एकच: भाडं. सदा जाळं विणता विणता मागे उभा राहून बघत होता. (माझा धाकटा भाऊ. सध्या मासेमारीला बंदीचा काळ, त्याची नाव थळच्या किनाऱ्यावर ताडपत्रीखाली, त्यामुळे तो माझ्या घरात.) म्हणाला, "म्हयन्याचं पैसं न्हाय भरलं तर तुला बर्फात भायेर काढतील काय गो बाय?"

प्रश्न अडाणी, पण मुद्द्याचा. तांडेलाच्या, म्हणजे नावेच्या कप्तानाच्या, मुलीने राहत्या गावाचं भाडं भरायचं? समुद्राने आमच्याकडून कधी महिना घेतला नाही.

११ जून

कोरल क्राउन. पूर्ण फुकट. नुसता समुद्र, बेटं, नावा. सुरुवातीलाच एक होडगं देतात. मी बंदराबाहेर काढलं तर बाकीचे दगडांवर आपटत होते आणि मी सरळ. वारा कुठून येतो हे बघायची कोणाला अक्कल नाही.

सदा म्हणाला, "सुकानू बरा धरतंस." मी त्याला सांगितलं की हा अभ्यास आहे.

१५ जून

निकाल एका आठवड्याने पुढे ढकलला. कोरल क्राउनमध्ये अजून एक बेट बघायचं आहे. अर्धवट पाहणीवर निकाल देणं अन्याय.

१९ जून

निकाल: फुकटचा खेळ उत्तम. भाविकाला फोनवर कारणांसहित कळवलं. ती म्हणाली, "बरं आजी." समजूतदार मुलगी.

आज तांबड्या शिडाची नाव विकत घेतली. हे सबस्क्रिप्शन नव्हे. एकदाच घ्यायची असते. जुनं होडगं गळत होतं.

२४ जून

मोठी पेटी घेतली, मासळी ठेवायला जागा नव्हती. एकदाच घ्यायची असते.

पोपट घेतला. पोपटाचं समर्थन आत्ता सुचत नाही, पण तो वादळाआधी ओरडतो.

२९ जून

इथे खेळाडू एकत्र येऊन टोळी करतात, तिला गिल्ड म्हणतात. मी सुरू केली. नाव: थळची नाव. फक्त माझ्या अनुभवाचा लोकांना उपयोग व्हावा म्हणून.

पहिला सभासद 'डेथकिंग'. पनवेलचा दातांचा डॉक्टर निघाला. दुसरी 'मूनलाइट प्रिन्सेस'. ते उरणचे ट्रेलरमालक, मिशा आहेत. दोघे मला बाई म्हणतात.

नियम माझ्या वडिलांच्या, आबांच्या नावेवरचे. मिळकतीत आधी नावेचा वाटा, मग जाळ्याचा, मग तांडेलाचा, उरलं ते खलाशांचं. नवा खलाशी पहिल्या हंगामात नावेवर भात रांधतो आणि अर्धा वाटा घेतो. हाकललेल्याला नारळी पौर्णिमेआधी परत घ्यायचं नाही, आणि परत आला की पुन्हा भातापासून सुरुवात. कोणीही असो.

डॉक्टर म्हणाला, बाई, बाकीच्या गिल्डमध्ये सगळ्यांना सारखं मिळतं. मी म्हटलं, म्हणूनच त्या बुडतात.

रविवारी संध्याकाळी हजेरी.

६ जुलै

भाविकाचा फोन. विंटरवेलमधल्या तिच्या मैत्रिणी नोकऱ्यांना लागल्या, ती एकटीच दिव्याखाली उभी असते म्हणाली. "येतेस का थोडा वेळ?" पण रविवारची हजेरी होती. मी तिला काटकसरीचे फायदे नीट समजावले आणि जेवलीस का विचारलं. तिने विचारलं, तिकडे तुझं नाव काय? सांगितलं: तांडेल कमळ.

नुसती चौकशी. तरुण मुलांना वडीलधाऱ्यांचं कौतुक असतं.

१३ जुलै

नवा खलाशी आला. नाव 'सुका बोंबील'. असलं नाव घेणारा इकडचाच कोणी टवाळ असणार. आडनाव विचारलं तर म्हणे, वाळत घातलं होतं, कावळ्याने नेलं.

पहिला प्रश्न: तांडेल, जेवलात का?

दुसरा: केस का कापलेत?

(तांडेलाची केशरचना गेल्या आठवड्यात बदलली. समुद्रावर लांब केस धोक्याचे. तो खर्च सुरक्षेखाली येतो.)

असले घरगुती प्रश्न मला चालत नाहीत. समज दिली आणि भाताला बसवलं.

२० जुलै

आज मोठी मोहीम. गुहेतला राक्षसी खेकडा. मूनलाइट प्रिन्सेस दोनदा मेले. माझ्यावर मात्र ओरखडा नाही. अनुभव. बोंबील सगळा वेळ माझ्या मागे उभा राहून मलम लावत होता, हे डॉक्टरने नंतर सांगितलं, पण मलमाने काय होतं.

वाटे झाले. बोंबलाला अर्धा. तो म्हणाला, "वाटा ठेवा तांडेल. त्याच्याऐवजी दहा मिनिटं धक्क्यावर नुसतं बसू. सूर्य बुडताना बघू."

मी विचारलं, भात झाला का?

नव्हता झाला.

हल्लीच्या पोरांना काम सोडून बसायला हवं. भाविकाचं उदाहरण मुद्दाम दिलं त्याला: माझी नात बघ, एकटी असली तरी तक्रार करत नाही. त्यावर "खरंय तांडेल" म्हणाला. उदाहरणाने माणूस सुधारतो.

२७ जुलै

अक्षम्य प्रकार. मी कुकर बंद करायला उठले तेवढ्यात बोंबलाने सुकाणू घेतलं आणि नाव मार्गावरून वळवली. येऊन बघते तो अनोळखी बेट, आत शिरणारी खाडी, काठाला माड. म्हणतो, "बघा ना, थळसारखं दिसतं की नाही? किती दिवस शोधत होतो. जायच्या आधी तुम्हाला दाखवायचं होतं. मी लांब चाललोय."

तेवढ्यात नाव खडकावर. तांबडं शीड पाण्यात. पोपट वाचला.

मी म्हटलं, लांब चाललास तर उत्तम, नावेवर जागा होईल. गिल्डमधून काढून टाकला, वर ब्लॉक केला. डॉक्टर म्हणाला, बाई, पोरगं चांगलं होतं, एकदा ऐकून तरी घ्या. त्यालाही समज दिली.

खाडी दिसायला थळसारखी होती खरी. पण तो मुद्दा नाही.

भाविकाने आज फोन उचलला नाही. सामान बांधत असेल.

३ ऑगस्ट

विनिताचा फोन. लेकीचा आवाज असा की आधी मला वाटलं घरात कोणाचं काही झालं.

"आई, तू भाविकाला नावेवरून हाकललंस?"

मी म्हटलं, काहीतरीच काय, भाविका माझ्या नावेवर कधी…

मग थांबले.

विनिता म्हणाली, आठवडाभर नीट जेवली नाही पोरगी. म्हणते, आजीला मी ओळखू आले नाही ते ठीक, पण मी जाणार म्हटल्यावर म्हणाली जागा होईल.

मी विनिताला सांगितलं की टोपणनावाने येणाऱ्यांवर प्रशासनाचा इलाज नसतो. फोन ठेवला.

बोंबलांची पिशवी हुंगणारी मुलगी, आणि नाव सुका बोंबील. पेपर तपासताना कॉपी मला वासावरून कळायची.

भाविकाला फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. उचलला नाही.

४ ऑगस्ट

ब्लॉक काढला. पण गिल्डमध्ये परत घेता येत नाही, नारळी पौर्णिमेचा नियम आहे, आणि आपल्या नातीसाठी नियम वाकवणारी बाई मी नाही.

शांतपणे विचार केला. चूक कबूल करणं आणि चूक सुधारणं यांत दुसरं श्रेष्ठ. ते केलं की पहिल्याची गरज पडत नाही. आमच्या समुद्रावर तिचं मन मोडलं, तेव्हा ती आपल्या बर्फातल्या गावी परत गेली असणार. तर मी तिकडे जायचं. तिच्या दिव्याखाली उभं राहायचं. तिला काही सांगायलाच नको.

विंटरवेलचं सबस्क्रिप्शन घेतलं. दर महिन्याचं भाडं मला तत्त्वतः मान्य नाही, म्हणून वर्षाचं एकदम भरलं. हे तत्त्वात बसतं.

थळच्या नावेचा राजीनामा दिला. डॉक्टरला तांडेल केलं आणि नियम अक्षरशः पाळण्याचं वचन घेतलं. तो म्हणाला, बाई, काळजी करू नका, तुमच्यासाठीसुद्धा मोडणार नाही.

६ ऑगस्ट

दिव्याखाली उभी राहिले. भाविका नव्हती. बर्फ पडत होता.

८ ऑगस्ट

आजही नव्हती. एका परक्या माणसाने मी भिकारी आहे असं समजून पाव दिला. घेतला. दिवा, नदी, लांडगे सगळं होतं तसंच आहे, पण एकटीने चालण्यासारखं त्यात काही नाही. ती इथे कशी उभी राहत असेल कोण जाणे.

सदा म्हणाला, "भाड्याचं गाव कसं हाय?" म्हटलं, थंड.

९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

विनिता भाविकाला घेऊन आली. तिला मीच बोलावलं, असं नाही; दरवर्षी येतात. सदाच्या नावेला पताका, झेंडूच्या माळा. सगळं गाव किनाऱ्यावर. नारळ सोडला. भाविका माझ्या शेजारी उभी होती आणि समोर बघत होती.

मी म्हटलं, केस वाढवलेस, बरे दिसतात.

ती म्हणाली, "जेवलीस का?"

मग मी तिला सांगितलं की मी आता विंटरवेलमध्ये आहे. वर्षभर. रोज दिव्याखाली असते, तूच येत नाहीस.

तिने माझ्याकडे बघितलं आणि मटकन पालथ्या होडीवर बसली. मला वाटलं रडते. हसत होती. "आजी, विंटरवेल मी जुलैतच बंद केलं. तुझ्या नावेवर यायला."

सदाने मध्ये तोंड घातलंच. "म्हंजी पोर तुझ्या नावंवर आली, तवा तू तिला पान्यात टाकली. आनि तू पैसं भरून तिच्या गावाला गेली, तवा गावात कोनच न्हाय. एवढं शिकून गो बाय!"

लोकांनी माना वळवून बघितलं. कशासाठी हसतात ते न कळताही चार जणी हसल्या.

मी माफी मागितली की नाही, हे इथे लिहायची गरज नाही. बँजो फार जोरात वाजत होता. भाविका म्हणाली, ऐकू आलं.

१४ ऑगस्ट

तिचं विमान गेलं. बोंबील पकडले नाहीत.

१७ ऑगस्ट, रविवार

दोन्ही खेळांच्या तुलनेचा अंतिम निकाल आज लिहायचा होता. वेळ झाला नाही.

संध्याकाळी कोरल क्राउनमध्ये गेले. तांडेल म्हणून परत बसायचा विचार होता. डॉक्टर म्हणाला, बाई, नियम. परत आलेल्याने भातापासून सुरुवात करायची, कोणीही असो. मी त्याला समज द्यायला लागले, तर त्याने माझंच वाक्य मला ऐकवलं. दातांचे डॉक्टर निर्दय असतात.

भाताच्या चुलीशी सुका बोंबील आधीच बसला होता. तिच्याकडे दुपार, माझ्याकडे दिवेलागण. मी शेजारी बसले. नाव चालली होती. समोर सूर्य बुडत होता आणि आम्हाला दुसरं काही काम नव्हतं.

पुष्कळ वेळाने ती म्हणाली, आजी, तू आज काहीच विचारलं नाहीस.

मी विचार केला. विचारण्यासारखं खरंच काही नव्हतं. ती समोर होती.

भात करपला. नव्या तांडेलाने दोघींना समज दिली. अर्धा अर्धा वाटा.