डावं पेडल

दादा,

अप्पा जाऊन वर्ष झालं, आणि त्यांच्या दोन सीटच्या जुन्या विमानाला गिऱ्हाईक आलं. डावं पेडल मोडलेलं, बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. म्हणून जुन्यावरून माप घेऊन मीच नवं करायला बसले, अप्पांच्याच डुगडुगत्या स्टुलावर.

बघते तर डावं उजव्यापेक्षा इंचभर जाड! केसाएवढा फरक दिसला तरी भाग भंगारात फेकणारे अप्पा चुकले कसे, म्हणून मला हसूच आलं. मग नीट पाहिलं. वर एक पट्टी वेल्ड करून कडा घासून गुळगुळीत केल्या होत्या.

लहानपणी विमानात बसून तू तोंडाने इंजिन चालवायचास, तेव्हा तुझा आखूड डावा पाय पेडलच्या इंचभर अलीकडेच राहायचा.

"तुला विमान झेपायचं नाही," असं ते म्हणाले म्हणून तू घर सोडलंस. तू गेलास तेव्हा दोन्ही पेडल सारखीच होती, म्हणजे ही पट्टी त्यानंतरची. तोंडाने कबूल करतील तर ते अप्पा कसले!

गिऱ्हाईक म्हणालं, दोन्ही पेडल सारखी हवीत. मी त्याला नाही म्हणून सांगून टाकलं. नवं पेडलही इंचभर जाडच केलंय.

हे पत्र मात्र माझ्याच्याने टाकवणार नाही.

अप्पांवर गेलेली,
तुझी धाकटी