प्रायोगिक वर्गास किमान एक मूल मिळण्याबाबत

प्रति,
मा. प्रशासकीय अधिकारी साहेब,
विद्यातोरण प्राथमिक शिक्षण संस्था,
मध्यवर्ती कार्यालय, शुक्रवार पेठ, सोलापूर.

अर्जदार : कु. शांतम्मा नरसय्या येमूल, शिक्षिका, माँटेसोरी प्रायोगिक वर्ग (वय सहा ते नऊ), भवानी पेठ शाखा.

विषय : प्रायोगिक वर्गास किमान एक मूल मिळण्याबाबत.

संदर्भ : (१) पर्यवेक्षक साहेबांचा भेट-अहवाल, दि. १४ डिसेंबर १९७३. (२) माझे यापूर्वीचे तीन अर्ज व त्यांस आलेली उत्तरे.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की, मी संस्थेच्या बालमंदिरात अकरा वर्षे काम केले. बालमंदिरात स्वतःच्या हाताने काम करणारी मुले पहिलीच्या बाकावर बसवली की महिन्याभरात मिटून जातात, हे संस्थेच्याच लक्षात आले. त्यामुळे १९७१ साली सहा ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी हा वर्ग काढण्यात आला. या वर्गात इयत्ता नाही, घंटा नाही, बाक नाहीत. मूल फडताळातून आपले साधन आपण निवडते, चटई पसरते, काम पुरे करते व साधन जागच्या जागी ठेवते. चूक झाली तर ती साधनच दाखवते. शिक्षिकेने एकदा रीत दाखवावी व बाजूला व्हावे. बाजूला होणे हेच या पद्धतीत सर्वांत अवघड आहे, आणि ते शिकायला मला चार वर्षे लागली.

२. पटावर बावीस मुले होती. कोणाच्या घरी तेलुगू, कोणाच्या कानडी, कोणाच्या दख्खनी. उदाहरणादाखल चि. गुंडा याचा उल्लेख करते. त्याचे वडील मेंढरे विकून कुंभारी गावाहून इथल्या गिरणीत आले व आई बाळाबाई विड्या वळतात. सात वर्षांच्या गुंडाने हजार मण्यांची माळ व्हरांड्यात पसरून दोन दिवस मोजली. प्रत्येक शंभराला कागदाची चिठ्ठी लावली. बाकीची मुले माळेला पाय लागू न देता कडेकडेने जात. त्याला शाबासकी द्यावी म्हणून मी जवळ गेले, तर तो मान वर न करता म्हणाला, "बाई, तुमी बोलू नका की, माजं मोजणं चुकतंय." माझ्या सबंध नोकरीत माझा एवढा गौरव कोणी केलेला नाही.

३. दि. १४ डिसेंबर १९७३ रोजी पर्यवेक्षक श्री. हिंदुराव मोटे साहेब वर्गास भेट देण्यास आले. त्या वेळी शांततेचा खेळ चालू होता. त्याची माहिती कार्यालयास नसावी म्हणून लिहिते. खिडक्या लोटून घेतात. मुले डोळे मिटून, चुळबुळ न करता बसतात. शिक्षिका मागच्या खोलीत जाऊन एकेकाचे नाव हलक्या आवाजात घेते. ज्याचे नाव येईल ते मूल उठते आणि पायाचा आवाज न करता तिच्याकडे येते. ज्याचे नाव अजून यायचे आहे ते जिवाचा कान करून बसलेले असते. शेवटी कोणालाही एकटे मागे ठेवायचे नाही, हा खेळाचा नियम आहे.

४. चार मुले माझ्याकडे आलेली असताना साहेब पुढच्या दाराने आत आले व "कोण आहे इथं?" असे मोठ्याने म्हणाले. एकाही मुलाने डोळे उघडले नाहीत. मी दाराच्या फटीतून साहेबांना तोंडावर बोट ठेवून गप्प राहण्याची खूण केली. खेळ मोडला असता तर अठरा मुलांची नावे घ्यायची राहिली असती. मी ती सर्व घेतली. मुले एकामागून एक साहेबांच्या समोरून उठून आली. शेवटी मोकळ्या वर्गात साहेब एकटेच उभे राहिले. नियमाप्रमाणे मी त्यांचेही नाव घेतले. खेळात आडनाव अथवा 'साहेब' लावीत नाहीत, म्हणून नुसते "हिंदुराव" म्हणाले. साहेब आले. मात्र पाय वाजवीत आले.

५. अहवालात पुढीलप्रमाणे नमूद आहे : "शिक्षिका वर्गात आढळली नाही. माझ्यादेखत अठरा मुले कोणाचीही परवानगी न घेता एकेक करून निघून गेली. शिक्षिकेने मला गप्प बसण्याची खूण केली व नंतर एकेरी नावाने पाचारण केले. काहीही शिकवले जात नाही." यातील प्रत्येक वाक्य खरे आहे, हीच माझी अडचण आहे. आठ दिवसांत वर्ग स्थगित झाला व मुले मुख्य शाळेत इयत्तांप्रमाणे वाटून देण्यात आली.

६. परंतु वर्गाची साधने देणगीतून आलेली असून, 'चालू वर्गात, प्रशिक्षित शिक्षिकेच्या ताब्यात' राहिली तरच ती संस्थेची, अशी देणगीदाराची अट आहे. म्हणून कागदोपत्री वर्ग चालू ठेवण्यात आला व मला तेथेच हजर राहण्याचा आदेश झाला. तेरा महिने झाले, मी साडेदहाला कुलूप काढते, फडताळे पुसते आणि कोणीही न हलवलेली साधने सरळ करते. हजेरीपत्रकात 'निरंक' लिहिते. पलीकडच्या भिंतीतून मुख्य शाळेतले पाढे ऐकू येतात. चौदाचा पाढा म्हणताना चौदा साते अठ्ठ्याण्णवला एक बारीक आवाज नेहमी मागे राहतो. तो कोणाचा असेल याचा मी विचार करीत बसते. पाच वाजता कुलूप लावते. मधल्या सुट्टीत मुख्य शाळेतल्या बाया मला डबा खायला बोलावीत नाहीत. त्यांना माझा हेवा वाटतो असे कानावर आले आहे. बसून पगार खाते, असे त्या म्हणतात.

७. याबाबत मी तीन वेळा अर्ज केले. पहिल्यास उत्तर आले की, पट शून्य असल्याने वाढीव विद्यार्थी मंजूर करता येत नाही. दुसऱ्यास, वर्गातील विद्यमान पालकांच्या सह्या जोडाव्यात. तिसऱ्या अर्जात मी एकच मूल मागितले होते. त्यावर कार्यालयाने एक खुर्ची मंजूर केली, कारण शिक्षिका चटईवर बसते असा शेरा अहवालात होता. खुर्ची पोचली, आभारी आहे. खुर्चीवर बसले की मुलाच्या डोळ्याला डोळा भिडत नाही, असे आम्हाला प्रशिक्षणात सांगत. आता मूलच नसल्याने माझी हरकत नाही.

८. सुरुवातीस मी अर्जात 'शैक्षणिक हित' असे कारण लिहीत असे. आज खरे लिहिते. मला करमत नाही. हे कारण कार्यालयीन नाही याची मला जाणीव आहे. घरी मी एकटीच असते, पण त्याची सवय झाली होती, कारण दिवसा बावीस जण असत. आता दिवसाही कोणी नाही. गेल्या आठवड्यात दूधवाल्याशी बोलताना माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. तरीही केवळ एवढ्यासाठी मी आपल्याला चौथ्यांदा त्रास दिला नसता.

९. गड्ड्याची जत्रा चालू होती. रविवार, दि. १९ जानेवारी रोजी मी गुंडाच्या घरी गेले. जत्रेतला भोवरा त्याच्यासाठी नेला होता. मला पाहताच तो भिंतीला पाठ लावून, हाताची घडी घालून उभा राहिला. बाळाबाईंनी कौतुकाने सांगितले, "बाई, पोरगं आता लई सुदारलंय बगा. हू का चू करत न्हाय. मास्तर बस म्हनलं की बसतंय, ऊट म्हनलं की उटतंय." मी भोवरा पुढे केला. त्याने आईकडे पाहिले, मग माझ्याकडे. घेतला नाही. मी विचारले, सध्या काय करतोस? तो म्हणाला, "सांगतील त्ये." नंतर एक बोट वर करून त्याने मला विचारले, "बाई, पानी प्यायला जाऊ?"

घर त्याचे. माठ त्याचा. तांब्याही त्याचाच. सात वर्षांचा असताना ज्याने मला गप्प बसवले होते, तो आपल्याच घरात पाणी पिण्यासाठी माझी परवानगी मागत होता. मी "जा" म्हणाले. दुसरे काय म्हणणार? परंतु तो शब्द माझ्या तोंडून निघाला याची मला अतोनात लाज वाटली. घरी येऊन मी रडले. हे अर्जात लिहू नये असे माहीत असूनही लिहीत आहे.

१०. गुंडा येत्या जूनमध्ये नऊ वर्षे पूर्ण करील व नियमाप्रमाणे माझ्या वर्गास अपात्र ठरेल. म्हणजे उणेपुरे चार महिने हाती आहेत. सबब नम्र विनंती की, वर्ग पूर्ववत सुरू करणे अशक्य असल्यास न करावा. माझा तुटपुंजा अधिकारही काढून घ्यावा. पर्यवेक्षक साहेबांची मी लेखी क्षमा मागण्यास तयार आहे. फक्त चि. गुंडा यास दररोज एक तास माझ्या वर्गात येऊ द्यावे. त्याची हजेरी मुख्य शाळेतच लागावी, त्याचा अभ्यास बुडाल्यास दोष माझा.

त्या एका तासात मी त्याला काहीही शिकवणार नाही, असे हमीपत्र सोबत जोडले आहे.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,

(सही)
शांतम्मा नरसय्या येमूल
भवानी पेठ, सोलापूर
दि. २७ जानेवारी १९७५

सोबत :
(१) भेट-अहवालाची नक्कल.
(२) कार्यालयाच्या तीन उत्तरांच्या नकला.
(३) हमीपत्र, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह. (साक्षीदार एकच मिळाला. दुसरी जागा कोरी आहे.)