नारळ कुणाच्या हातात

गुरुजी,

परवा शाळेपुढच्या भाताच्या खाचरात पोरं कबड्डी खेळत होती आणि मला तुमचा नारळ आठवला. आपण हुतूतू म्हणायचो. सामन्याआधी चुलीतल्या राखेनं आखलेल्या रेषेवर नारळ फुटायचा, आणि तुम्ही तो ज्याच्या हातात द्याल त्यानं तो फोडून पहिली चढाई करायची, ही आपल्या संघाची रीत. तो कुणाला मिळणार हे मात्र आयत्या वेळेपर्यंत देवालाही ठाऊक नसायचं. एकदा पाढे बिनचूक म्हटले म्हणून दिलात, एकदा वर्ग चांगला झाडला म्हणून. समोर पौडची पोरं दंड थोपटत असायची आणि आम्ही सगळे तुमच्या हाताकडं बघत उभे. मग हरणार नाही तर काय!

मी आत घुसलो की तुम्ही ओरडायचात, "माकडा, एवढं आत कशाला मरतुयास?" पुढच्या सामन्यात बेतानं खेळलो, तर "पाव्हणा म्हणून आलायस व्हय रं?" तेही सोसलं असतं. पण धनगरवाड्यावरून येणारा, तरटावर माझ्या शेजारी बसणारा तो, बाद होऊन आला तरी तुम्ही त्याच्या पाठीवर थाप द्यायचात. माझा नुसता जळफळाट व्हायचा. त्याच्या फडक्यातली भाकरीसुद्धा मला माझ्या भाकरीपेक्षा मऊ दिसायची.

पौडच्या जत्रेतला सामना तर विसरणं शक्यच नाही. त्या दिवशी नारळ माझ्या हातात आला. मी तो फोडायला वर उचललाही होता. तेवढ्यात तुमच्या मनात काय आलं कोण जाणे, तुम्ही तो माझ्याकडून काढून घेतलात आणि त्याला दिलात. "तू ऱ्हाऊ दे. ह्यो जाईल." सगळी जत्रा बघत होती. तो गेला आणि पहिल्याच चढाईत धरला गेला. शेवटी, सगळं हातचं जायला लागल्यावर, तुम्ही मला पाठवलंत. मी रेषा ओलांडतो, हुतूतू घुमवत दोघांना शिवतो, आणि परत फिरायचं सोडून मान वळवून तुमच्याकडं बघतो. अजून आत जाऊ, की मागं येऊ? तुमच्या चेहऱ्यावरून काही कळेना. तिथंच माझा दम तुटला आणि सामना गेला. परतीच्या वाटेवर तुम्ही त्याच नारळाचं खोबरं वाटलंत. मी घेतलं नाही.

गेल्या महिन्यात तो भेटला. आता दोघांच्याही हातात काठ्या. चहा पिता पिता म्हणाला, "गुरुजींचा जीव तुज्यावरच व्हता. मानूस आपल्यातल्यालाच वरडतो. मला नुस्तं थोपटायचे, पाव्हण्याच्या पोरागत. लई जळायचो मी तुज्यावर."

मी कप खाली ठेवला. "व्हय?" एवढंच म्हणालो. मीही त्याच्यावर तसाच जळत होतो, तुमचा थांग आम्हा कुणालाच लागला नव्हता, हे तेव्हाच सांगायचं होतं. जीभ रेटली नाही. तुमचं लेकरू तो की मी, हे तुम्ही कधी कळू दिलं नाहीत, आणि आता तर विचारायची सोयही नाही.

हे पत्र खरं तर त्याच्या हाती द्यायला हवं. देणार नाही. इतक्या वर्षांनी नारळ माझ्या हातात आलाय, गुरुजी. थोडं त्यालाही जळू दे.