दाराकडे पाठ करून

बसवनगुडी, बंगळूर, १४ जून २०२५

ती. अहल्याआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मी फोनवर धड बोलत नाही म्हणून तू रागावली आहेस, असं अण्णा म्हणाले. आमची कंपनी फोन तपासते, म्हणून हे पत्र. वाचून फाडून टाक.

मी सेक्रेटरी नाही, आत्या. मी अंगरक्षक आहे. बेळ्ळंदूरच्या हयवदन रावांना जमिनीच्या वादावरून धमक्या येतात. आपल्यासारखंच जुनं मराठी घर, फक्त पैसा उदंड. पहारा नको म्हणून ते हटून बसले, तेव्हा त्यांच्या आईने, निवेदिताबाईंनी, त्यांना न सांगता मला सेक्रेटरी म्हणून नेमलं.

हॉटेलात मी दाराकडे तोंड करून बसते. रस्त्यात गाड्यांच्या बाजूने चालते, गर्दीत त्यांचा दंड धरते. बाहेरचं जेवण आलं की त्यांच्या ताटातला पहिला घास मी खाते, त्यात काही घातलेलं नाही ना बघायला. चव घ्यायची हौस आहे, असं त्यांना सांगून ठेवलंय. सगळं शिकवलेलं काम. पण काल ते म्हणाले की इतकं जपणारं त्यांना आजवर कुणी भेटलं नाही, आणि लग्नाचं विचारलं. मी घाबरून कानडीत सरी, म्हणजे बरं, म्हटलं आणि बाहेर पडले. ते होकार समजले की काय, कळत नाही. मला काय म्हणायचं होतं तेही कळत नाही.

उत्तर लवकर पाठव, लोभ आहेच.
तुझी पवित्रा


धारवाड, २० जून २०२५

चि. पवित्रास,
अनेक आशीर्वाद.

पत्र फाडलं नाही, पुन्हा वाचायचं होतं. अगं, आम्ही लग्नाच्या पंगतीत नवऱ्याला एक घास भरवला तर कानापर्यंत लाल व्हायचो. तू भरल्या हॉटेलात रोज त्याच्या ताटातलं खातेस आणि वर काम म्हणतेस. त्या बिचाऱ्याने दुसरं काय समजावं?

एकदा वाचते तेव्हा वाटतं, तुझाही जीव गुंतलाय. परत वाचते तेव्हा वाटतं, पोरगी नुसती कामाची पक्की आहे. माझंच डोकं फिरलं, तुझं काय होत असेल! एवढं मात्र खरं की त्याला फसवून पुढे जाऊ नकोस. आधी खरं सांग. आणि कुणाच्या चाकूपुढे उभी राहत असशील तर ते मला कळवू नकोस, मला झोप लागायची नाही.

माझ्या भावाला, म्हणजे तुझ्या अण्णांना, यातलं काही बोलले नाही. माया आहे तेवढी सगळी तुझी.
अहल्याआत्या


बसवनगुडी, ३ जुलै २०२५

ती. अहल्याआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलं. आधी नोकरी सोडली, मग हॉटेलात जेवताना सांगितलं. माझ्या जागी रक्षिता आली आहे, तीही आता उघडपणे, कारण त्यांनी पहारा मान्य केला. माझं सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, की या सगळ्यात तुझं स्वतःचं काय होतं? मी मनात एकेक गोष्ट मोजून पाहिली. जे जे मी केलं, ते सगळं मला शिकवलेलंच होतं. ताट तसंच टाकून ते निघून गेले.

आता घरी बसून आहे. रस्त्यात अण्णांनाही मी आतल्या बाजूला घेते, म्हणजे तेही कामच का? हयवदन रावांना मी गमावलं, आणि माझं होतं तरी काय ते कळायच्या आत गमावलं. फार रडू येतं.

आशीर्वाद असू दे.
पवित्रा


धारवाड, ९ जुलै २०२५

चि. पवित्रास,
अनेक आशीर्वाद.

रडून झालं असेल तर स्वल्प विचार कर. तुला कुणी शिकवलं नव्हतं, असं त्याच्यासाठी काय केलंस? काही नसेल तर गप्प बस, विसरशील हळूहळू. असेल तर मला नको, त्याला सांग.

घाईत आहे, प्रेम कमी नाही.
आत्या


बसवनगुडी, २१ जुलै २०२५

ती. अहल्याआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सापडलं. लवंग! बिसीबेळेभातात लवंग दाताखाली आली की त्यांचं तोंड वाकडं होतं. म्हणून पहिला घास खाताना मी लवंगा शोधून बाजूला काढायची. ते कुठल्याच प्रशिक्षणात नव्हतं. एवढंच त्यांना कळवलं, आणि काल ते गांधी बाजारातल्या हॉटेलात आले.

दाराकडे तोंड असलेली खुर्ची त्यांनी आधीच धरली होती. रक्षिता शेजारच्या टेबलावर होती, तरी मी दोनदा वळून दाराकडे पाहिलं. मी पहिल्यांदाच दाराकडे पाठ करून बसले होते. भात आला आणि सवयीने माझा हात त्यांच्या ताटाकडे गेला. त्यांनी ताट मागे ओढलं. मला वाटलं, संपलं सगळं.

मग त्यांनी माझ्या ताटातला पहिला घास खाल्ला. तिखट आहे, पण चालेल म्हणाले. माझ्या भातातली लवंग शोधून काठाला ठेवली. आत्या, दारातून कोण आलं, कोण गेलं, मला काही कळलं नाही.

अण्णांना तूच सांग, मला धीर होत नाही. तुझी माया आता दोघांना पुरव.
तुझी पवित्रा