पाहुणीसाठी पाडलेला कुरमा

४ जानेवारी १९५७, गडचिरोली

गोरी बाई येणार! नॉर्वेची. ब्लॉकच्या साहेबांनी आज सगळ्यांना ऑफिसात बोलावून सांगितलं. खेड्यातल्या बाया आणि लेकरं कशी राहतात ते बघायला येते आहे. आणि गाव कोणतं निवडलं? माझ्या कामाचं कोसमटोला! बाकीचे नुसते बघत राहिले.

साहेब म्हणाले, "कमळाबाई, ती इथे बघेल ते तिकडे जाऊन सांगेल. देशाच्या इज्जतीचा प्रश्न आहे." मी म्हटलं, काळजी करू नका.

घरी येऊन शाळेच्या जुन्या नकाशात नॉर्वे शोधलं. पार वर, बर्फाच्या खाली. केवढासा देश! आत्या म्हणाली, "एवढ्या दुरून आपली घरं पाहाले येते? तिच्या घरी काम नाई का?"

८ जानेवारी

दिवसभर कोसमटोल्यात. खड्डे बुजवले, भिंतींना पांढरी माती लावली, बालवाडीपुढे झेंड्याची काठी उभी केली. बायांना घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं — पोरांची नाकं पुसा, डुकरं बांधून ठेवा. हसतात नुसत्या! मग करतातही.

सगळं झालं आणि जाता जाता नजर गेली ती कुरम्यावर. गावाच्या कडेची ती बुटकी झोपडी. महिन्याला बाया तिथे जाऊन राहतात, बाळंतीणही तिथेच होतात. वाकून आत जावं लागतं. ना खिडकी, ना खाट. दोन वर्षं बघते आहे, सवय झाली होती. आज एकदम गोऱ्या बाईच्या डोळ्यांनी बघितलं आणि अंगावर काटा आला. ती काय म्हणेल? या देशात बायकांना असं ठेवतात?

लालसूला बोलावलं. गावच्या पाटलाचा मुलगा. जंगलात ठेकेदाराच्या बांबूतोडीवर कामाला जातो म्हणून मराठी चांगली बोलतो. म्हटलं, हे पाड.

"मंग बायाइनं जावं कुठी, बाई?"

"घरात राहायचं. काही होत नाही."

"घरात नाई चालत, बाई. घरात देव रायते." मग म्हणाला, "जैनीचे दिवस भरत आले."

जैनी त्याची बायको. पहिलटकरीण. मी म्हटलं, तिला मी जीपमधून गडचिरोलीच्या दवाखान्यात नेते, माझा शब्द! तरी तो हलेना. मग मी साहेबांचंच वाक्य फेकलं — देशाच्या इज्जतीचा प्रश्न आहे.

"देस म्हंजे चांदा का?"

हसूच आलं मला. समजावून सांगितलं — चांदा हा आपला जिल्हा; चांदा, नागपूर, मुंबई, दिल्ली, सगळं मिळून एक. तूही त्यात, जैनीही त्यात. तो ऐकत होता. जैनी पलीकडे घराच्या दारात उभी होती, तीही ऐकत होती. मग लालसू म्हणाला, "तुमी म्हनता त पाडतो."

१० जानेवारी

कुरमा गेला. जागा शेणाने सारवून घेतली. साहेबांच्या बंगल्यावरून झेंडूची रोपं आणून एका ओळीत लावली. काय शोभा आली!

१४ जानेवारी

संक्रांत. आणि बाई आली! नाव इंगर. साहेबांहून हातभर उंच. पुरुषांसारखे बूट, केस कापलेले, नाक उन्हाने लालबुंद. आमच्याकडेच उतरवलं आहे — साहेबांच्या घरी कडक सोवळं, आमच्याकडे खाण्यापिण्याचं तेवढं नाही. आत्याने तिळगूळ दिला तर म्हणते, आणखी आहे का? आत्या खूश. "गोरी असली तरी पोटानं आपल्यासारखीच हाय."

माझं इंग्रजी नागपूरच्या ट्रेनिंगपुरतं. पण निभतंय.

१६ जानेवारी

आज पुष्कळ बोललो. तिच्याकडे डोंगरावरच्या एकट्या घरातही वीज आहे म्हणे. पाणी नळाला. बाळंतपणाला सुईण सरकारी, आणि ती बर्फातून पायाला फळ्या बांधून घसरत येते! हे सगळं ती अशी सांगते जसं आपण सांगू की गावात विहीर आहे. बढाई नाही. त्याचाच मला जास्त राग येतो.

मग मला चेव चढला. धरणं सांगितली, कारखाने सांगितले, पंचवार्षिक योजना सांगितली. न बघितलेल्या धरणाची लांबी ठोकून दिली.

तिने विचारलं, खेड्यातले लोक खातात काय? मी म्हटलं, भात, डाळ, भाजी. उन्हाळ्यात घरचं धान्य संपलं की मोहफुलं उकडून दिवस काढतात, हे जिभेवर आलंच नाही.

ती म्हणाली, तिची आजी झाडाची साल दळून पिठात मिसळायची. दुष्काळात तीच भाकर. आजीने त्या चवीची आठवण मरेपर्यंत काढली.

तेव्हा तरी मी खरं बोलायला हवं होतं! तिने दार उघडून दिलं होतं. मी पुन्हा धरणावर आले. तिचं दारिद्र्य आजीबरोबर गेलं म्हणून ती मोकळेपणाने सांगू शकते. आमचं अजून चुलीवर आहे.

१८ जानेवारी

कोसमटोला झकास पार पडलं! पोरांनी गाणं म्हटलं. बायांनी ओळीने बसून सूत काढून दाखवलं. साहेब दोनदा माझ्याकडे बघून मान हलवून गेले.

मग इंगर न विचारता लालसूच्या घरात शिरली. अंगणात बसून आंबील प्यायली, आणि सोबत लाल मुंग्यांची चटणी! डोळ्यांतून पाणी आलं तरी बोट चाटत होती. बाया हसून हसून लोळायच्या बाकी. लालसूच्या आईने माझ्यापुढेही पान ठेवलं. मी म्हटलं, आज शुक्रवार, माझा उपास. दोन वर्षांत इथे आले की माझा कसला ना कसला उपास असतोच. त्यांना माहीत आहे. पान उचलून नेलं.

जाताना इंगर झेंडूपाशी थांबली. म्हणाली, गावात सगळं वाटेल तिथे उगवलंय, एवढीच ओळ सरळ कशी? मी म्हटलं, बालवाडीची बाग. मग तिने जैनीच्या पोटाला हात लावून बघितला. मूल खाली उतरलंय, फार दिवस नाहीत, म्हणाली. इथे बाया बाळंत कुठे होतात?

मी लालसूच्या घराकडे बोट दाखवलं. वर सांगितलं, हिला तर आम्ही जीपने दवाखान्यात नेणार आहोत. इंगरने टाळ्या वाजवल्या. जैनी माझ्या बोटाकडे बघत होती. तिला इंग्रजी येत नाही, पण बोट कळतं.

१९ जानेवारी

आज मला कावळा शिवला. दौऱ्यावर असले की मी कोणाला सांगत नाही, सगळीकडे हिंडते. घरी आत्यापुढे चालत नाही. मागच्या पडवीत बसवलं, वेगळं ताट, वेगळी चटई. आत्या दारातून पाणी ओतते आणि मी ओंजळीने पिते. आणि हुद्दा काय? समाजशिक्षण संघटिका!

इंगर शोधत आलीच. इथे का बसलीस? सांगावं लागलं. कान तापले होते माझे. तिला हसू आलं, पण वाईट नाही. म्हणाली, तिच्या आजीला बाळंतपणानंतर देवळात जाऊन पाद्र्याने आत घेईपर्यंत शेजाऱ्यांकडेसुद्धा पाऊल टाकायची बंदी होती. मग माझ्याशेजारी चटईवरच बसली! आत्या आतून ओरडली, "आता इलेबी आंघोळ कराले सांग!"

इंगरने विचारलं, खेड्यातही असंच?

मी म्हटलं, नाही. तिथे असलं काही नाही.

स्वतः पडवीत बसून हे बोलले. जीभ झडली नाही माझी.

२१ जानेवारी

इंगरला मार्कंड्याचं देऊळ दाखवायचं ठरलं होतं. मी चार दिवसांची अंघोळ एक दिवस आधीच उरकली, आत्याला खोटं सांगून. सकाळी जीप सुरू, साहेब पुढे, आम्ही दोघी मागे. फाटकाशी लालसू उभा. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. रात्रीच निघाला असणार.

"बाई, जैनीचं पोट दुखून राह्यलं. जीप..."

मी साहेबांकडे बघितलं. साहेब हळूच म्हणाले, "आज जीप मोकळी नाही. पाहुणीसमोर तमाशा नको." इंगरने विचारलं, काय म्हणतोय तो?

मी म्हटलं, तुम्ही त्याच्या घरी आलात म्हणून नमस्कार करायला आलाय.

इंगरने वाकून त्याला हात जोडले. लालसूनेही जोडले. त्याला काय कळलं असेल? मी त्याला म्हटलं, संध्याकाळी पाठवते, पहिलटकरणीला वेळ लागतो, घाबरू नको. तो जीपमागे थोडा चालला. मग धुळीत दिसेनासा झाला.

देऊळ बघितलं. वैनगंगेत पाय बुडवून बसलो. इंगरने मूर्तींचे पुष्कळ फोटो काढले, मला शिल्पांची नावं विचारली, मी सांगितली. पुऱ्या खाल्ल्या. आल्या आल्या ड्रायव्हर इतवारीला जीप घेऊन कोसमटोल्याला पिटाळलं.

२३ जानेवारी

इतवारी एकटाच परत आला. परवा रात्री जीप नाल्याच्या वाळूत रुतली, पोचला तो काल दुपारी. सांगताना माझ्याकडे बघत नव्हता.

जैनीला सासूने घरात घेतलं नाही. घेताच येईना — घरात देव. कुरमा नाही. तिनेच म्हटलं म्हणे, मी बाहेर जाते. शेताच्या बांधावर, मोहाखाली, डहाळ्यांचा आडोसा केला. कळा दिवसभर चालल्या. मूल झालं. मुलगी. थंडी पडली, आडोशातून वारा येतच राहिला. सकाळपर्यंत मुलगी गेली.

जैनीला ताप आहे, पण जगेल असं म्हणतात. जीपमध्ये बसायला ती तयार झाली नाही. आता कशाला, म्हणाली.

कुरम्यात चूल होती. भिंती होत्या. मी झेंडू लावला!

२४ जानेवारी

इंगर गेली. जाताना मला मिठी मारून म्हणाली, आम्हाला जे करायला शंभर वर्षं लागली ते तुम्ही किती लवकर करता आहात. जैनीला काय झालं, मुलगा की मुलगी?

मी म्हटलं, मुलगी. छान आहे.

२६ जानेवारी

झेंडावंदन. साहेबांनी भाषणात माझं नाव घेतलं. नंतर बाजूला बोलावून म्हणाले, इंगरबाई तुमच्यावर फार खूश. सहा महिने नॉर्वेला कोणाला पाठवायचं झालं तर तुमचंच नाव.

मी त्यांना मुलीबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "अशी बाळंतपणं या भागात होतच असतात, मनाला लावून घेऊ नका." मी म्हटलं, कुरमा मी पाडला. ते म्हणाले, "चांगलंच केलंत. वाईट प्रथा." आणि चिवडा खायला वळले.

वाईट प्रथा आहेच की! पण जैनीला दुसरा निवारा कुठे होता? एका भिंतीला पर्याय न देता भिंत काढणारी मी कोण?

२ फेब्रुवारी

कोसमटोल्याला गेले. वाटलं, शिव्या देतील, हाकलतील. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. लालसूच्या आईने नेहमीसारखं पाय धुवायला पाणी दिलं.

मी म्हटलं, माझं चुकलं. कुरमा पुन्हा बांधा. मी बांबू आणून देते, मोठा बांधा, उंच बांधा, खाट ठेवा, खिडकी ठेवा. लालसू म्हणाला, "बांबू हाय, बाई." झेंडूला कळ्या आल्या होत्या. मी उपटायला गेले तर जैनीने आतून हाक मारली, "राहू द्या."

मग कळलं. बाई उघड्यावर, शेतात बाळंत झाली म्हणून जातीने लालसूच्या घराला दंड लावला आहे. गावजेवण द्यावं लागेल. ते झाल्याशिवाय त्यांच्या हातचं कोणी पाणी घेणार नाही. म्हणजे मूलही त्यांचं गेलं, आणि दंडही त्यांनाच! मी म्हटलं, दोष माझा आहे, जातीसमोर मी सांगते. लालसू म्हणाला, "तुमी जातीत नाई, बाई. तुमाले कोन दंड लावन?"

निघताना म्हणाला, "जेवनाले या मात्र."

१० फेब्रुवारी

दंडाचं जेवण. आज कोणताही उपास सांगितला नाही. पंगतीत बसले. जैनीने पळसाच्या पानावर भात वाढला, वर डुकराचा रस्सा. जेवले. सगळं.

जैनी फार वाळली आहे. पान उचलताना माझ्याजवळ उकिडवी बसली आणि खालच्या आवाजात विचारलं, "बाई, ते गोरी बाई खूश होऊन गेली नं? तुमच्या देसाची इज्जत राह्यली नं?"

मी हो म्हटलं.