चौदा कापलेली दृश्यं आणि माझं संपादन

२ फेब्रुवारी, सकाळी ७.३०
सेन्सॉर मंडळाने आणखी एक सिनेमा अडवला. चौदा दृश्यं कापा, मगच प्रमाणपत्र. सिनेमात काय, तर सत्तरीची एक स्टंटबाई. आयुष्यभर नट्यांऐवजी गच्चीवरून उड्या मारल्या, पडद्यावर नाव कधीच आलं नाही, आता ते मागायला निघाली आहे. आणि मंडळाचं कारण: ज्येष्ठ महिलांचा अवमान. मी ज्येष्ठ आहे. महिलाही आहे. मला कोणी विचारलं? मऊ खुर्च्यांत पेंगणारी नऊ माणसं ठरवणार, मी काय बघायचं ते!
निश्चय: माझ्या कॉमिकचा बारावा अंक या चौदा दृश्यांवर. जशीच्या तशी. एक मार्चच्या कॉमिक्स मेळ्यात टेबलावर हजर. आपलं आपण छापण्याचा हाच फायदा. डोक्यावर कोणी बसलेलं नसतं.

३ फेब्रुवारी
धाकट्या बहिणीला सांगितलं. म्हणाली, ताई, गेल्याच आठवड्यात तू साबणाची जाहिरात बंद करा म्हणून कंपनीला पत्र धाडलंस ना? जाहिरात वेगळी, कला वेगळी. तिला फरक कळत नाही. आलेला प्रत्येक सिनेमा बघते, म्हणून सिनेमातलं काहीच कळत नाही.

४ फेब्रुवारी
पेंटरला निरोप दिला, लगेच आला. अकरा वर्षं, अकरा अंक, शब्द माझे आणि चित्रं त्याची. त्याआधी थिएटरबाहेरची पोस्टरं रंगवायचा. नटाचं नाक दहा फुटी काढायचा सराव, त्यामुळे माझ्या लहान चौकटींत सगळ्यांची नाकं अजून मोठीच येतात. चालवून घेते. मला सरळ रेघ ओढता येत नाही, आणि त्याच्याआधीचे दोघे चित्रकार पहिल्या अंकापर्यंतही टिकले नाहीत. एक हळवा होता, दुसरा उद्धट.
पेंटर खूश. म्हणाला, बाई, पहिल्यांदाच काहीतरी दम असलेलं काढतोय आपण.
'पहिल्यांदाच' हा शब्द मी ऐकला नाही असं ठरवलं.

९ फेब्रुवारी
निरोप ठेवला होता, त्या सिनेमाच्या दिग्दर्शिकेचा फोन आला. पोरगी तिशीची, आवाज घोगरा. चौदा दृश्यांचे कागद देते म्हणाली. अट एकच: काही बदलायचं नाही. ही अट मला! कॉन्व्हेंट शाळेत असताना सिस्टरच्या तोंडावर म्हणाले होते की गोष्टीच्या पुस्तकातली पानं चिकटवून टाकणं पाप आहे. तीन दिवस बाकावर उभी होते. ही काय मला स्वातंत्र्य शिकवणार!

१२ फेब्रुवारी, संध्याकाळी ५
कागद आले. वाचले.
हं.
लेखन जोरकस आहे. थोडं संपादन लागेल. संपादन आणि सेन्सॉर यांत फरक आहे. सेन्सॉर ते करतात.

१३ फेब्रुवारी
आज पेपरात त्या गोऱ्या हिरोची जाहीर माफी. कुठल्याशा मुलाखतीत काही बोलला, कुठल्याशा लोकांच्या भावना दुखावल्या, आणि याने हात जोडून फोटो काढला. पाठीला कणा नाही, पोटाला मात्र सहा पॅक. आणि सिनेमा पुढच्याच शुक्रवारी लागतोय, हा म्हणे योगायोग. या लोकांना वाद पिकवता येतो, निभावता येत नाही. माझ्या चौथ्या अंकातली कल्पनाही यांनीच चोरली होती. त्यांचा हिरो पावसात छत्री उघडतो. माझ्या अंकात छत्री आहे. त्याबद्दल धाडलेल्या पत्राला अजून उत्तर नाही.

१६ फेब्रुवारी
पहिली चार पानं तयार. आमची पद्धत अशी: पेंटर अख्खं पान रंगवून देतो, मी संवाद वेगळ्या कागदावर लिहिते, त्या संवादांचे फुगे कापते आणि चित्रावर चिकटवते. अक्षर माझं. सिस्टरने पट्टी हाणून वळवलेलं. असं अक्षर आता कोणाकडे नाही.
दुसऱ्या पानावर स्टंटबाई म्हाताऱ्या लाइटमनचं चुंबन घेते. पेंटरने फार मनापासून काढलं आहे. फुगा जरा मोठा कापला. दोघांच्या तोंडावर बसला. संवाद ठळक वाचता येतो.

१९ फेब्रुवारी
तिसऱ्या दृश्यात विडी. धूर पसरट आहे, फुगाही पसरट घेतला. त्यात लिहायला संवाद नव्हता, म्हणून एक घातला: 'आज हवा छान आहे.'
पडद्यावर विडी पुसट करणारे ते मूर्ख अधिकारी! प्रेक्षकांना कुकुलं बाळ समजतात.

२१ फेब्रुवारी
पाचवं दृश्य. स्टंटबाई गच्चीवरून निर्मात्याला शिवी घालते. एकच शब्द. तो मी इथेही लिहिणार नाही, वही घरात उघडी पडलेली असते. शब्दाऐवजी 'अरे गृहस्था' असं केलं. आशय तोच. उलट जास्त झोंबतं.

२४ फेब्रुवारी
नववं दृश्य. बाई आंघोळीच्या टबात बसून अंगावरचे जुने व्रण मोजते. प्रत्येक व्रण कोणत्या सिनेमाचा ते सांगते. या वयात हे! आपल्याकडे बघून लोक काय म्हणतील? हा तर ज्येष्ठ महिलांचा
वाक्य अर्धं राहिलं, दूध उतू गेलं.
टबावर तीन फुगे बसवले. आता फक्त नळ दिसतो. बहीण खांद्यावरून डोकावून म्हणाली, ताई, हा नळ बोलतोय का? मी डिंकाच्या बाटलीचं झाकण लावलं. तिने परत विचारलं.

२६ फेब्रुवारी, सकाळी ११
पेंटर पानं झेरॉक्सला न्यायला आला. पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं, मग खुर्ची ओढून बसला. म्हणाला, बाई, माझं चित्र कुठंय? सांगितलं, खालीच आहे, फुग्यामागे. त्याने नखाने एक कोपरा उचलला. म्हणाला, मंडळाने चौदा दृश्यं कापली, ठीक. पण कापताना 'आज हवा छान आहे' असं तरी नव्हतं लिहिलं.
मी म्हणाले, तुला लेखनातलं कळत नाही. तो म्हणाला, खरंय, पण झाकलेलं कळतं, तीस वर्षं पोस्टरवरच्या नट्यांना रात्रीत बाह्या रंगवून दिल्यात. ते सांगणारे निदान उघड सांगायचे, झाका म्हणून. तुम्ही बाई, झाकता आणि वर भाषण देता.
मग ओल्या फडक्याने एकेक फुगा सोडवला. पाऊण तास. मी समोर बसून होते. अठ्ठेचाळीस फुगे. ते टेबलावर ठेवले आणि स्वतःची पानं गुंडाळून घेऊन गेला. चहासुद्धा न घेता.
कलावंतांना टीका सोसत नाही. उद्या येईल.

२८ फेब्रुवारी
आला नाही. मेळा उद्या. दुसरा चित्रकार बघावा म्हणून दोघांना फोन केले, म्हणजे ते जुने दोघे. हळव्याने उचलला नाही. उद्धटाने उचलला.

१ मार्च
मेळा. माझ्या टेबलावर अंक एक ते अकरा. समोरच्या टेबलावर पेंटर. चौदा पानांचा झेरॉक्स केलेला गठ्ठा, एकही शब्द नाही. गर्दी अशी, की मला त्याची टोपीसुद्धा दिसेना. माझ्याकडे एक गृहस्थ आले, पंखा कुठे लावलाय विचारायला.
दुपारी दिग्दर्शिका आली. आधी माझ्याकडे. अंक कुठंय म्हणाली. मी म्हणाले, संपादकीय मतभेद. ती समोर गेली. नववं पान हातात घेऊन बराच वेळ उभी होती, आणि मग रडली. सिनेमावाल्यांना डोळ्यांत पाणी आणायला काय लागतं.
बहिणीने एक प्रत आणली. मी नको म्हणाले, तिने पिशवीत घातली. संध्याकाळी पाहिली. टबातल्या बाईच्या डाव्या गुडघ्यावर एक व्रण आहे. माझ्याही आहे, बाकावरून उतरताना पडले होते. पेंटरला कधी सांगितलं असेन, आठवत नाही.
शब्दांशिवाय गोष्ट पूर्ण होत नाही, हे माझं मत कायम.

५ मार्च
पेंटरच्या माफीची वाट बघते आहे. घाई नाही.
तेराव्या अंकाची कथा लिहायला घेतली. विषय: सिनेमावाल्यांचा भित्रेपणा. पहिल्या चौकटीत शहर. शहर कोण काढणार?

९ मार्च
पेंटरकडे गेले. माझी पट्टी त्याच्याकडे राहिली होती म्हणून. पट्टी त्याच्याकडे नव्हती. मी मोठेपणाने म्हटलं, अठ्ठेचाळीसपैकी नऊ फुगे काढून टाकायला तयार आहे. म्हणाला, बाई, आता सवड नाही. चौदा दृश्यांचं पुस्तक निघतंय, दिग्दर्शिकेच्या मूळ संवादांसकट. त्याच्या बायकोने चहा दिला. उठताना तो म्हणाला, अक्षर मात्र तुमचंच पाहिजे. दुसऱ्या कोणाचं मी माझ्या चित्रावर बसू देणार नाही. फुगे आधीच आखलेत, आकार बदलायचा नाही.
अकरा अंकांची लेखिका आणि नुसतं अक्षर! ताडकन नाही म्हणाले. जिन्यात आल्यावर वाटलं, जरा जोरात म्हणाले.

१० मार्च
बहीण म्हणाली, ताई, तू त्याच्याकडे गेलीस तर फक्त तुझे शब्द जातील, तो गेला तर तुझं अख्खं कॉमिक जाईल. जेवताना असं बोलू नये, इतकंही वळण नाही.

१२ मार्च
होकार कळवला. अक्षर माझं आहे, शब्द नाहीत. हा तात्त्विक फरक आहे. आत राहून दर्जा सांभाळता येतो. पुस्तकावर नाव असेल: 'अक्षरलेखन', खाली, पाठीमागे. पेंटर म्हणाला, स्टंटबाईला तेवढंही मिळालं नव्हतं. यात माझा काय संबंध?

१५ मार्च, दुपारी ४
सकाळपासून पाचवं दृश्य. तो शब्द. दार लावून लिहिला. पाच वेळा. पाचव्यांदा सुबक जमला, वेलांटी कमानीसारखी. माझ्या अक्षरात तो शब्द जवळजवळ सुसंस्कृत दिसतो. बहिणीच्या हाती पाठवून दिला.
तासाभरात पेंटरचा फोन. म्हणाला, बाई, अक्षर झकास, पण ते कोपऱ्यात लाजून बसलंय. ती गच्चीवरून ओरडतेय, खालच्या रस्त्यावर ऐकू गेलं पाहिजे. पानभर काढा.
माझ्याकडे एवढा जाड ब्रश नाही. उद्या आणायचा.